खिशात कांदा आणि डोंगरावर घर

किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. चार रिटायर माणसांना एक काम द्या आणि बाजूला बसा. काम होईल याची गॅरंटी नाही, पण किस्से इतके होतात की घरात ठेवायला जागा उरत नाही! आमच्याकडे गेल्या वर्षभरात असेच साचले. माझी बायको सुमन तर म्हणाली, "कोणाले तरी सांगून या ना हो. मले रोज तेच तेच काऊन सांगता?" म्हणून तुम्हाला सांगतोय.

आधी आम्ही चौघं कोण ते ऐका. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या पॉवर स्टेशनात आमचा जन्म गेला. वासुदेवभाऊ कंट्रोल रूमचे ऑपरेटर, मंगरूभाऊ पंप हाऊसला आणि मी देविदास, कोळशाच्या बेल्टवर. मला सगळे देवाभाऊ म्हणतात. चौथे रज्जाकभाई. ते प्लांटचे नाहीत, त्यांचं कूलरचं दुकान. पण कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरच्या खिडकीत त्यांचाच कूलर, म्हणून ते आमचेच. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा आम्ही गेटबाहेरच्या रस्त्याला लागून घरं बांधली. रज्जाकभाईंचं दुकानही त्याच रस्त्यावर आहे, आता त्यांचा मुलगा चालवतो.

आणि काम काय होतं? उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने राहायला डोंगरावर एक थंड घर शोधायचं! भाड्याचं, चारही जोड्या मावतील असं. हसू नका. हौस म्हणून नव्हतं ते.

वासुदेवभाऊंच्या बायकोची, शकुवहिनींची, दारासमोर पाणपोई आहे. कडुनिंबाखाली मांडव, त्यात रांजण आणि माठ, वरून ओलं गोणपाट. उन्हाळा लागला की पाऊस पडेपर्यंत वहिनी स्वतः स्टुलावर बसून पाणी देतात. कोळशाचे ट्रकवाले, ठेकेदाराचे मजूर, सायकलवाले, सगळे तिथे टेकतात. गेल्या मे महिन्यात भर दुपारी वहिनी त्याच स्टुलावरून खाली कोसळल्या. ऊन लागलं! चार दिवस दवाखान्यात होत्या. बऱ्या झाल्या, पण डॉक्टरांनी वासुदेवभाऊंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, "पुढचा उन्हाळा यांना चंद्रपुरात काढू देऊ नका. परत असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

वासुदेवभाऊ बाहेर आले. युनिट ट्रिप होऊन सगळा प्लांट अंधारात गेला तरी मी या माणसाला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. म्हणाले, "घर शोधा बे. डोंगरावर." आणि आम्ही लागलो कामाला.

* * *

पहिला त्रास सल्ल्यांचा. बातमी फुटली आणि ज्याला त्याला थंड जागा माहीत! न्हाव्याने महाबळेश्वर सांगितलं, दूधवाल्याने थेट शिमला. दोघांपैकी एकही नागपूरच्या पलीकडे गेलेला नव्हता.

सगळ्यात भारी सल्ला वासुदेवभाऊंच्या साळ्याचा. तो घुग्घुसला कोळशाच्या खाणीत. मोटरसायकलवर आला, धूळ झटकली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाऊजी, डोंगरावर काऊन चढून राह्यले? आमच्या घुग्घुसले या. डोंगर पायजे तर खाणीच्या मातीचे ढिगारे आहेत, त्याच्यावर बसा. थंडी पायजे तर खाली खाणीत उतरा. दोन्ही एकाच गावात!"

वासुदेवभाऊंना हसू आलं नाही. मंगरूभाऊंनी मात्र गंभीरपणे विचारलं, "खाली पाणी साचते का बे? मासोळी असन त्याच्यात?"

मंगरूभाऊंचं हे असंच. तळ्याकाठच्या मासेमारांचं घर त्यांचं, बापजाद्यांपासून. जागा कोणतीही असो, त्यांचा पहिला प्रश्न मासोळीचा असतो.

* * *

वासुदेवभाऊंबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कंट्रोल रूमचा नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तो येणार, जाणारा त्याला सगळं समजावून सांगणार, तो तोंडाने म्हणणार, "घेतला चार्ज." मग उठायचं. नियम सगळ्यांनाच होता, पण पाळायचे ते वासुदेवभाऊ! त्या घुग्घुसच्या साळ्याच्या लग्नाला वहिनी दोन पोरं घेऊन एकट्या गेल्या. हे पोचले तेव्हा मांडववाला मांडव सोडत होता. वहिनी घरून फोन करायच्या, "कधी येता?" इकडून एकच उत्तर, "रिलिव्हर आला की!" आणि फोन खाली. वहिनींनी उभा जन्म हे वाक्य ऐकलं.

आणि रिटायरमेंटचा दिवस! हॉलमध्ये हार, शाल, नारळ, मोठे साहेब, वहिनी नव्या लुगड्यात पहिल्या रांगेत. सगळे आले, सत्कारमूर्तीच नाही! कारण? रिलिव्हरची गाडी पंक्चर झाली होती. साहेब तासभर ताटकळले. हे धापा टाकत आले तेव्हा साहेब म्हणाले, "अहो वासुदेवराव, आज तरी!"

हे म्हणतात कसे, "साहेब, खुर्ची रिकामी टाकून शाल घ्याले येऊ का?"

साहेबांनी शाल वहिनींच्या हातात दिली.

* * *

पहिली जागा आम्ही बघितली ती मुलचेऱ्याला. डोंगर नाही हे आम्हालाही माहीत होतं. पण मंगरूभाऊंच्या ओळखीचे एक बंगाली दादा तिकडे, त्यांनी फोनवर सांगितलं, जंगल आहे, गर्द सावली आहे, तळं आहे, गारवाच गारवा! मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली लोकांची गावं आहेत, आम्ही लहान होतो तेव्हापासून वसलेली. निघालो जीप घेऊन.

वासुदेवभाऊंनी भिंतीवरचा थर्मामीटर टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. लहान बाळ नेतात तसा. पोचल्यावर सावलीत टांगला. आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे. पारा चढला, चढला, आणि चंद्रपूरला सकाळी जिथे होता त्याच्या एक घर वर जाऊन थांबला!

वासुदेवभाऊंचं तोंड उतरलं. तेवढ्यात दादांनी पानं मांडली. भात आणि माशाचा झोल. मंगरूभाऊंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्या वाढणीनंतर हात वर करून म्हणाले, "घर फायनल!"

"अरे पण गरम आहे ना बे इथी!" वासुदेवभाऊ ओरडले.

"गरम आहे म्हणूनच तर मासोळी इतकी चांगली लागून राह्यली," मंगरूभाऊ म्हणाले. त्यांना तिथून उठवून जीपमध्ये बसवायला तिघं लागलो.

* * *

मग ठरलं, आपलं विदर्भातलं चिखलदरा बरं. एका दिवसात पोचता येतं, भाषा आपली, लाल डब्बा जातो. वासुदेवभाऊंना इतका उत्साह, की म्हणाले, आत्ताच जाऊ. आत्ता म्हणजे कधी? डिसेंबरात!

गेलो. आम्ही चंद्रपूरची माणसं, थंडी म्हणजे सकाळी कूलर बंद करायचा इतकंच आम्हाला ठाऊक. घाट चढलो आणि रज्जाकभाईंचे दात वाजायला लागले. घर छान होतं. पत्र्याचं छप्पर, मोठा व्हरांडा, समोर दरी. घरमालक रिटायर गुरुजी, मोठ्या प्रेमाने एकेक खोली दाखवत होते. आम्ही चौघं एकाच चादरीत उभे!

बाहेर येऊन मीटिंग झाली. मी म्हणालो, "मस्त आहे." मंगरूभाऊ म्हणाले, "तलाव आहे." रज्जाकभाई म्हणाले, "भाई, इथं माणूस जगन का?" वासुदेवभाऊंनी थर्मामीटर बघितला, मान हलवली आणि निर्णय दिला, "कॅन्सल. एवढ्या थंडीत शकू आजारी पडन."

परतलो! वाटेत अमरावतीला चहा पिताना चहावाल्याने विचारलं, कुठून आले, कशासाठी गेले. आम्ही सगळं सांगितलं. तो कप विसळता विसळता म्हणाला, "पण काकाजी, तुम्हाले तं उन्हाळ्यात राहाचं होतं ना?"

चौघांनी एकमेकांकडे बघितलं. चहा तसाच राहिला.

* * *

म्हणून फेब्रुवारी संपता संपता परत गेलो. गुरुजींना तोंड कसं दाखवायचं म्हणून यावेळी तयारीने गेलो. चंद्रपुरात ऊन तापायला लागलं होतं, म्हणून डोक्याला दुपट्टे आणि प्रत्येकाच्या खिशात कांदा. आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून कांदा खिशात ठेवतात, लहानपणापासूनची सवय. काढायचं लक्षातच येत नाही.

चिखलदऱ्याच्या स्टँडवर उतरलो तर वानरांची टोळी! एक दांडगा नर सरळ वासुदेवभाऊंवर आला, खिशात हात घातला, कांदा काढला आणि चावा घेतला. मग त्याने असं तोंड केलं! थुंकला, कांदा वासुदेवभाऊंच्या पायावर आपटला आणि दुसऱ्याच्या खिशाकडे बघितलं. रज्जाकभाईंनी आपण होऊन कांदा काढून समोर ठेवला. "ले बाबा, मेरा भी ले जा!" वानर तोंड फिरवून निघून गेलं.

स्टँडवरून गुरुजींचं घर दिसतं, ते व्हरांड्यातून बघत होते. म्हणाले, "चंद्रपूरकर दिसता! या, आधी पाणी प्या." त्यांनी आम्हाला डिसेंबरवरून ओळखलंच नव्हतं. कांद्यावरून ओळखलं होतं.

मग रज्जाकभाई कामाला लागले. खिशातून टेप काढला आणि बेडरूमची खिडकी मोजली. हॉलची मोजली. स्वयंपाकघराचीही मोजली. गुरुजी कोड्यात. "हे काय चाललंय?"

"कूलर किधर बैठेगा, देख रहा हूँ."

"अहो, इथे मे महिन्यातही दुपारी एखादा पंखा पुरतो. कूलर सबंध गावात नाही!"

रज्जाकभाई मटकन पायरीवर बसले. "सबंध गावात नाई? मग इथले लोक करते काय?" त्यांच्या डोळ्यांत खरंच दुःख होतं हो. मी म्हणालो, "रज्जाकभाई, तुम्ही कूलर विकायले नाई आले, राहाले आले." ते म्हणाले, "होव, पण जीव तुटते ना भाऊ."

* * *

गुरुजी म्हणाले, दोन दिवस राहून बघा, मग ठरवा. भला माणूस! राहिलो.

जेवण झालं, वर गवळ्याकडची रबडी झाली. दुपारी आडवे पडलो. गार वारा, पाखरांचा आवाज, डोळे मिटले. कुणालाच झोप येईना! मी या कुशीवर, मंगरूभाऊ त्या कुशीवर. शेवटी वासुदेवभाऊ उठून बसले. "काय कमी आहे बे इथी? काहीतरी कमी आहे."

मग रज्जाकभाई हळूच म्हणाले, "आवाज."

बरोबर! जन्मभर आम्ही दुपारची झोप काढली ती कूलरच्या घरघरीत. पंख्याची धडधड, पाण्याची टिपटिप, पत्र्याचा खडखडाट. तो नाही तर झोप कुठून येणार? मंगरूभाऊंनी गुरुजींचा मिक्सर चालवून बघितला, गुरुजी धावत आले. काही जमेना.

मग रज्जाकभाईंनी चंद्रपूरला मुलाला फोन लावला. "बेटा, वो बडावाला कूलर चालू कर. हां. अब फोन उसके सामने रख दे. गिऱ्हाईक आलं तरी उचलू नको!" आणि इकडे स्पीकर लावून फोन खोलीच्या मधोमध ठेवला.

घर्रर्र... टिप टिप... खडखड! काय सांगू तुम्हाला! पहिल्यांदा वासुदेवभाऊ घोरायला लागले, मग मी गेलो. उठलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि फोन गरम होऊन बंद पडला होता. त्याच संध्याकाळी घर पक्कं केलं!

* * *

घर पक्कं झालं आणि वासुदेवभाऊ पोरासारखे झाले. लहान पोर सहलीच्या आधी करतं तसं सगळं! मार्च संपत आला होता, रस्त्यावर डांबर मऊ पडत होतं, आणि हे चंद्रपूरच्या बाजारात स्वेटर शोधत फिरत होते. दुकानदाराने आधी यांच्याकडे बघितलं, मग बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. विचारलं, "काका, तब्येत ठीक आहे ना?" माळ्यावरून एक विटकरी रंगाचा स्वेटर काढला त्याने. वासुदेवभाऊंनी तिथेच घालून बघितला. घामाने निथळत होते आणि हसत होते!

घरी येऊन भिंतीवर थर्मामीटर टांगला. रोज सकाळी पारा बघायचे आणि आम्हाला ओरडून सांगायचे, "चढू दे लेका चढू दे, आपून राहूच नाई इथी!" दरीत ढग कसे उतरतात, पहाटे धुकं कसं दिसतं, हे त्यांनी वहिनींना इतक्या वेळा सांगितलं की वहिनींनाच पाठ झालं. बाकी बायकाही खुशीत. सुमनने शाली काढल्या, रज्जाकभाईंच्या नजमाभाभींनी लोणचं भरलं, मंगरूभाऊंच्या तुळसाबाईने सुक्या मासोळीचं गाठोडं बांधलं.

शकुवहिनी तेवढ्या बॅग भरत नव्हत्या. विचारलं की म्हणायच्या, "पाहू." मी एकदा गाठून बसलो. म्हणालो, "वहिनी, पाहू म्हणजे काय? डॉक्टरनं काय सांगतलं, ठाऊक आहे ना?"

वहिनी माठ धूत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, इथून जाणारे मजूर घरून बाटली घेऊन नाई निघत. माहा माठ आहे म्हणून. त्याइले कोण सांगन, की यंदा नाई?"

मग त्यांनीच तोड काढली. शेजारची वर्षा, चांगली मुलगी, ती पाणपोई सांभाळायला तयार झाली. वहिनींनी महिनाभर तिला शिकवलं. मग कुठे बॅग भरली. वासुदेवभाऊंनी त्या दिवशी आम्हाला जिलेबी खाऊ घातली.

* * *

आता निघायच्या दिवसाचं ऐका.

सकाळी सकाळी गाडी आली. वर बॅगा, बादल्या, गाठोडी, मंगरूभाऊंचा गळ, सगळं बांधलं. बॅगेत जागा उरली नाही म्हणून वासुदेवभाऊ स्वेटर अंगात घालून आणि माकडटोपी डोक्यात घालून तयार! एप्रिलची सकाळ, चंद्रपूर! रस्त्याने जाणारे सायकली थांबवून बघत होते. बायका गाडीत बसल्या. "शकू, चाल!" वासुदेवभाऊंनी आरोळी दिली.

वहिनी पाणपोईवर स्टुलावर बसल्या होत्या. नवं लुगडं, पायाशी बॅग. उठेनात.

"चाल ना बाई!"

वहिनी म्हणाल्या, "रिलिव्हर आला नाई."

आम्हाला वाटलं मस्करी आहे. मस्करी नव्हती. वर्षाच्या आईची तब्येत बिघडल्याचा फोन आला होता, ती उजाडायच्या आतच गडचिरोलीला गेली होती. कधी येणार, तिलाच माहीत नव्हतं.

रज्जाकभाई म्हणाले, "भाभी, मेरे लडके को बोलता हूँ."

"त्याचा सीझन आहे, भाऊ. त्याचं दुकान बुडवाचं का?"

मंगरूभाऊ म्हणाले, "वहिनी, टाकी ठेवू. नळ लावू. ज्याले पायजे तो पिईन."

"टाकीचं पाणी दुपारी चहासारखं होते."

वासुदेवभाऊ रडवेले झाले होते. "शकू, डॉक्टरनं काय सांगतलं?"

"डॉक्टरनं मले सांगतलं. रस्त्यानं जाणाऱ्याले नाई सांगतलं." मग नवऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तुमाले कोणी कधी उठवलं का हो खुर्चीवरून? मी उठवलं का?"

ऊन वर यायला लागलं होतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, सुमनने त्याला गप्प केलं.

वासुदेवभाऊंनी गाडीकडे बघितलं. वर बांधलेल्या सामानाकडे बघितलं. मग माकडटोपी काढली. स्वेटर काढला, घडी केली, वहिनींच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "सरक."

"काय?"

"सरक म्हणतो. मी आहे रिलिव्हर."

वहिनी तरी उठल्या नाहीत! ऑपरेटरची बायको ती. म्हणाल्या, "असं नाई. चार्ज घ्या आधी."

आणि त्यांनी चार्ज दिला. "मोठा रांजण रात्री भराचा, दुपारी नाई. हा माठ नवा आहे, त्याचं पाणी प्याले नाई द्याचं, हात-तोंड धुवाले द्याचं. गोणपाट सुकू नाई द्याचं. उन्हातून आलेल्याले आल्या आल्या पाणी नाई, आधी सावलीत बसवाचं, गूळ द्याचा, मंग पाणी. आन दुपारी तुमी झोपाचं नाई."

वासुदेवभाऊ प्रत्येक वाक्य मागून म्हणत होते, कंट्रोल रूममध्ये म्हणायचे तसं. शेवटचं वाक्य त्यांना जरा जड गेलं, पण तेही म्हटलं. "दुपारी नाई झोपाचं. घेतला चार्ज."

तेव्हा वहिनी उठल्या. गाडीत बसल्या, मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं. वासुदेवभाऊ स्टुलावर पाठ ताठ करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते आणि एकेका माठाकडे बघत होते.

चिखलदऱ्याला पोचलो. काय घर, काय वारा! बायकांनी व्हरांडा डोक्यावर घेतला. नजमाभाभी दरी बघून ओरडल्या, तुळसाबाईने आयुष्यात पहिल्यांदा रबडी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी शकुवहिनी पायरीवर बसल्या होत्या, तो विटकरी स्वेटर अंगात, बाह्या लोंबत होत्या. चेहऱ्यावर किती दिवसांनी तजेला आला होता! समोर ढग उतरला होता, वासुदेवभाऊ सांगायचे तसाच. वहिनींनी त्याच्याकडे खूप वेळ बघितलं आणि मला म्हणाल्या, "भाऊ, त्याइले फोन लावून द्या."

मी लावला, स्पीकर केला.

"जेवले का?"

"होव."

"गोणपाट ओलं आहे?"

"आहे ना."

"लोकं येते?"

"लाइन लागली आहे. जास्त बोलू नको, ड्यूटीवर आहो."

वहिनी हसल्या. मग पुन्हा त्या ढगाकडे बघितलं. "इथी लय छान आहे हो. तुमी कधी येता?"

तिकडे ट्रकचा हॉर्न वाजला. कुणीतरी म्हणालं, "काका, पाणी द्या." माठावरचं झाकण वाजलं. आणि वासुदेवभाऊ म्हणाले, "रिलिव्हर आला की!"

फोन बंद.

मंगरूभाऊ तलावावर निघाले होते, गळाची काठी खांद्यावर होती. त्यांनी ती उतरवून भिंतीला टेकवली आणि मला विचारलं, "देवाभाऊ, खाली जाणारी पयली यष्टी कितीची आहे?"

मी उत्तर द्यायच्या आत रज्जाकभाई उठून उभे राहिले. ज्या माणसाने जन्मात कधी पाळीची नोकरी केली नाही, तो चादरीची घडी घालत म्हणाला, "तुम दोनों बाद में. फर्स्ट शिफ्ट मेरी!"